बारा लहान गोगलगायी

४ ऑगस्ट

बेबी,

या पत्राबरोबर बिस्किटाचा डबा पाठवतेय. त्यात बारा गोगलगायी आहेत, जिवंत. झाकणाला भोकं पाडलीत, आत ओला कागद घातलाय. डबा घरी उघडू नकोस, म्युझियममध्येच उघड. तुला हे सांगायला नको म्हणा, तुझा उभा जन्म शंखांच्या कपाटांत गेला. पण मी सध्या इतकी धास्तावलेय की चप्पल घालतानासुद्धा आधी ती उलटी करून झटकते.

जूनमध्ये बाहेरून रोपांचा एक ट्रक आला, तेव्हापासून हे सुरू आहे. आधी कुंड्यांखाली दोनचार दिसायच्या. आता सकाळी नर्सरीचं फाटक उघडलं की भिंतीवर, पाइपावर, रोपांच्या पिशव्यांवर, जिथे हात टाकावा तिथे. कोवळी रोपं रातोरात साफ करतात. रोपं संपली की भिंतीचा चुना खातात. तुझा दादा रोज बादली घेऊन त्यांना वेचतो, तेही उघड्या हातांनी. तीस वर्षं बसची इंजिनं खोलली, त्याला हातमोजे घाल म्हणणारी मी कोण? वर म्हणतो, "ग्रीसपेक्षा हे बरं."

त्यात त्याने पेपरात वाचलंय की साखरेला कच्चा पाला चांगला. रिकाम्या पोटी वाफ्यातून मूठभर तोडतो आणि शेळीसारखा उभ्या उभ्या खातो. धुतला तर धुतला.

समोरच्या शिवणवाल्या बाई म्हणतात, गोगलगायीच्या चिकट्याने माणूस वेडा होतो. त्या काय, कात्री खाली पडली तरी अपशकुन म्हणतात. पण परवा एक गिऱ्हाईक सांगून गेलं की परदेशातून आलेली एक जात आहे, ती सापडली की खात्याची माणसं येतात आणि अख्खी नर्सरी जाळतात. रोपं तपासणारे साहेब पंधरा तारखेनंतर येणार आहेत. ही आपल्याकडचीच साधी गोगलगाय आहे असं तू म्युझियमच्या कागदावर लिहून दिलंस तर माझा जीव भांड्यात पडेल.

फोन केला असता, पण कानातल्या यंत्राला फोन लावला की नुसती शिट्टी वाजते. आणि दादाला करायला सांगितलं तर तो "सगळं मजेत" म्हणून ठेवून देणार.

लवकर लिही.

वहिनी

११ ऑगस्ट

वहिनी,

बाराच्या बारा धडधाकट पोचल्या. एक तर झाकण उघडताच माझ्या चष्म्याच्या घराकडे निघाली.

आधी उत्तर देते, बाकीचं नंतर. घाबरू नका. ही आपल्याकडची झाडावरची गोगलगाय आहे, जुन्या, गरीब घराण्यातली. उंच निमुळता शंख, उजवीकडे वळत जाणारे वेढे, फिकट अंगावर तांबूस पट्टे. आमच्या ड्रॉवरमधल्या जुन्या शंखांशेजारी ठेवून पाहिल्या, बहिणी शोभतील. सगळी पिल्लं आहेत, त्यामुळे शंखाच्या तोंडाची कड अजून तयार झालेली नाही. एखादी मोठी असती तर बरं झालं असतं, पण अडलं नाही.

नुसता शंख बघून घराणं सांगणं म्हणजे नाकावरून आडनाव ओळखणं. बहुतेकदा जमतं, कधी फसतं. दोन वेगळ्या घराण्यांच्या गोगलगायी सारख्याच झाडांवर, सारख्याच हवेत राहिल्या की हळूहळू एकसारखे शंख घालून बसतात. म्हणून आम्ही कधी कधी आतलं शरीरही उघडून बघतो. आणि हल्ली तळघरात एक जनुकवाली आलीय, माझ्या निम्म्या वयाची. दिवसभर इवल्याशा नळ्यांत थेंब टाकत बसते आणि मला चिडवते, "मावशी, तुमची निम्मी घराणी आम्ही मोडली." मोडलीत खरी. पण तुमच्या भिंतीवरच्या पिल्लांसाठी तिला कशाला त्रास?

कागद सोबत आहे, सहीशिक्क्यासह. साहेबांना खुशाल दाखवा.

दादाला म्हणावं, पाला धुऊन खा. गोगलगायींसाठी नाही, चांगल्या वळणासाठी.

बेबी

१९ ऑगस्ट

बेबी,

तुझ्या कागदाने काम फत्ते केलं. साहेब आले, कपाळाला आठ्या घालून कुंड्या उचलून बघायला लागले. मी कागद पुढे केला. त्यांनी शिक्का पाहिला, तुझं पद पाहिलं, आणि "मग प्रश्नच नाही" म्हणून चहा घेऊन गेले. त्या संध्याकाळी मी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. धास्तीने थांबवलेली विक्री दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केली.

दादाने कागद काच लावून गल्ल्यामागे टांगलाय. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या बेबीने लिहिलंय." मी त्याच्यासाठी आणलेले हातमोजे त्याने शिवणवाल्या बाईंच्या सुनेला भांडी घासायला देऊन टाकले.

बाकी सगळं ठीक. त्याचं डोकं चारपाच दिवस दुखतंय, चष्म्याचा नंबर वाढला असेल. वाकून वाकून मानही धरलीय. पाला खाणं चालूच आहे, आता तर काय, बहिणीचं सर्टिफिकेट मिळालंय.

वहिनी

२७ ऑगस्ट

वहिनी,

पत्र मिळालं. घाईत आहे, थोडक्यात लिहिते.

दादाला कच्चा पाला अजिबात देऊ नका, शिजवूनच द्या. वाफ्याकडे जाताना दोघांनी हातमोजे घाला. शंखांना हात लागला तर साबणाने धुवा. काळजीचं कारण नाही, नेहमीची खबरदारी.

चारपाच मोठ्या गोगलगायी मिळाल्या तर पाठवा. संग्रहासाठी हव्यात.

दादाची मान कशी आहे ते नक्की कळवा. डोकं थांबलं का?

बेबी

४ सप्टेंबर

बेबी,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले ती अर्धा तास उठले नाही. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हाही तू मला असंच टीचभर पत्र लिहिलं होतंस. "बाबा ठीक, हवा बरी, घाई करू नका." आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू पानंच्या पानं लिहितेस तेव्हा मी निर्धास्त असते. तू थोडक्यात लिहिलंस की मी धास्तावते.

दादा बरा नाही. तुला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातलीय, ती मी आत्ता मोडतेय. डोकं थांबलेलं नाही. दुखतं म्हणजे किती, तर तीस वर्षं जिच्याशी संसार केला त्या माझा नवरा, इंजिनाखाली बोट चेंगरलं तेव्हा शिट्टी वाजवत घरी आलेला, तो भिंतीला कपाळ टेकवून कण्हत असतो. दिवसातून दोनदा उलटी होते. मान पुढे वाकत नाही. अंगावर चादर टाकली तर ओरडतो. म्हणतो, कातडीखालून मुंग्या चालतात आणि कापड लागलं की त्या सुया होतात. उन्हाळी बनियनसुद्धा सहन होत नाही.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, मानेचे मणके झिजलेत. गळ्याला पट्टा दिलाय. पट्टा लावला की सुयांनी तडफडतो, काढला की डॉक्टर माझ्यावर ओरडतात.

काल सकाळी मी त्याला चहा दिला. कपाकडे बघत म्हणाला, "दोन कशाला आणलेस?" बेबी, कप एकच होता.

मी हसले. त्याच्यासमोर हसले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तू काय पाहिलंयस ते मला सांग. मला घराणी कळत नाहीत, ड्रॉवर कळत नाहीत. तू काहीतरी पाहिलंयस, एवढं कळतं.

वहिनी

८ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात असाल. निदान मी तशी प्रार्थना करतेय. तुमचं पत्र आज सकाळी मिळालं, दहा मिनिटांनी मी शिवणवाल्या बाईंना फोन केला. त्यांना म्हटलं, मशीन बंद करा, पळत जा आणि दोघांना गाडीत घालून हॉस्पिटलात न्या. डॉक्टरांना काय सांगायचं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि दोनदा वाचून दाखवायला लावलं. तरी वेगळ्या पानावर डॉक्टरांसाठी सगळं लिहिलंय. हे पान त्यांच्या हातात द्या. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला सांगा. मानेचे फोटो काढण्यात दिवस घालवू देऊ नका.

आता तुम्ही विचारलंत ते.

२० ऑगस्टला मला एक तास मोकळा होता, म्हणून मी तुमच्या डब्यातल्या दोन गोगलगायी उघडल्या. घाबरून नाही, सवयीने. आपल्या झाडावरच्या घराण्यात मूत्रपिंडापासून निघणारी नळी सरळ पुढे जाते. हिच्यात ती मागे वळून, आतड्याच्या कडेने फिरून येत होती. मला वाटलं, माझाच हात चुकला. दुसरी उघडली. तिच्यातही तेच. मग जिभेवरची दातांची पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मधला दात इवलासा, शेजारचे मोठे. आपल्या घराण्यात असं नसतं.

मग मी शंखाच्या तोंडातली माती ओल्या ब्रशने काढली. वहिनी, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मातीखाली शंखाचा मधला खांब होता, त्याचं टोक तिरपं छाटलेलं. त्या परदेशी, अजस्र वाढणाऱ्या गोगलगायीच्या घराण्याची ती खूण आहे, पिल्लांमध्येही दिसते. मी पहिल्या दिवशी वीस मिनिटं दिली होती. माती तशीच ठेवून पट्टे मोजले आणि सही केली.

त्या घराण्याच्या अंगात कधी कधी एक जंत असतो, केसासारखा. तो खरा उंदरांचा. उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातो. पाल्यात लपलेलं गोगलगायीचं एखादं इवलं पिल्लू कच्चं पोटात गेलं की माणसात येतो आणि मेंदूकडे जातो. तसा तो कुठल्याही गोगलगायीत असू शकतो, आपल्या गरीब घराण्यातल्याही. म्हणजे "घाबरू नका" हे शब्द मी कुठल्याच गोगलगायीबद्दल लिहायला नको होते.

मग २० तारखेलाच का नाही कळवलं? मी स्वतःला सांगितलं, नळी आणि दात यांवरून केलेली घराणीसुद्धा जनुकवाल्यांनी हल्ली मोडलीत, तेव्हा पक्कं कळू दे. पायाचा तुकडा तळघरात दिला आणि वाट बघत बसले. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की माझ्या सहीचा कागद तुमच्या भिंतीवर होता. दादा तो सगळ्यांना दाखवत होता. तो खोटा निघाला तर तुमची नर्सरी जाईल आणि माझं नाव जाईल, या भीतीने मी एकोणीस दिवस गप्प बसले. मधे तुम्हाला ते टीचभर पत्र लिहिलं.

आज सकाळी जनुकवाली वर आली. चिडवलं नाही, मावशी म्हणाली नाही. नुसता कागद ठेवला. घराणं तेच. आणि पायाच्या मांसात तिला जंताची पिल्लं सापडली.

साहेबांच्या खात्याला मी पत्र पाठवलंय की माझा आधीचा कागद चुकीचा होता. ते येतील. मला माहितेय त्याचा अर्थ काय.

मी निघू का? एका शब्दात कळवा.

बेबी

१३ सप्टेंबर

बेबी,

येऊ नकोस.

तुझं पान डॉक्टरांना दिलं. पाणी काढलं, त्यात तू लिहिलं होतंस तेच निघालं. डॉक्टर म्हणतात, जंत मारायचे नाहीत. ते आपले आपण मरतात, पण मरताना मेंदूला सूज आणतात. तोवर सूज सांभाळायची. किती दिवस, विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही.

तो कधी मला ओळखतो, कधी मला डेपोतला हेडमेकॅनिक समजून गाडी क्रमांक सांगतो.

काल खात्याची माणसं आली. मी इथे वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते, शिवणवाल्या बाईंनी येऊन सांगितलं. सगळी रोपं उपटली, खड्डा करून जाळली. कुंड्या फोडल्या. मातीवर चुना टाकला. फाटकाला सील आहे. तुझा कागद त्यांनी काचेसकट पुरावा म्हणून नेला.

मीही तो पाला खाल्लाय. तीनदा, त्याला सोबत म्हणून. इथे बसल्या बसल्या जरा कपाळ ठणकलं की मला वाटतं, आला. नर्सला विचारायची भीती वाटते आणि न विचारायचीही.

तू आलीस तर माझ्या तोंडून काय निघेल ते मला माहीत नाही. म्हणून येऊ नकोस.

वहिनी

१९ सप्टेंबर

वहिनी,

तुम्ही म्हणालात तशी आले नाही. पण रोज बस स्टँडवर जाते आणि परत येते. शिवणवाल्या बाईंना दिवसाआड फोन करते. त्या चिडत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. कालपासून दादाच्या पोटात पाणी टिकतंय, असं त्या म्हणाल्या.

तुम्ही स्वतःचं रक्त तपासून घ्या. आज. तुमच्या डॉक्टरांना सांगा की मीही खाल्लाय. शेवटचा पाला खाऊन किती दिवस झाले ते मोजा, पाच आठवडे उलटले असतील आणि काही झालं नसेल तर तुम्ही बहुतेक सुटलात. मी "बहुतेक" मुद्दाम लिहिलंय. यापुढे मी तुम्हाला खात्री देणार नाही, जेवढं माहितेय तेवढंच सांगेन.

इथे मी म्युझियमच्या साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "चूक कुणाची होत नाही?" मी म्हटलं, चूक वीस मिनिटांची होती, एकोणीस दिवसांची नव्हती. चौकशी होईल. तूर्त माझ्याकडून संग्रहाच्या किल्ल्या घेतल्यात.

किल्ल्या देण्याआधी तुमच्या गोगलगायी ड्रॉवरमध्ये लावल्या. आमच्याकडे चुकीचं लेबल फेकत नाहीत, त्याच्याखाली नवं लावतात, म्हणजे पुढच्याला कळावं. जुन्यावर माझी सही होती. नव्यावरही केली. आडनाव ओळीबाहेर गेलं.

पोस्टमनची सायकल दिसली की मला दार उघडवत नाही. तरी लिहा. शिव्या असल्या तरी लिहा.

बेबी

३० सप्टेंबर

बेबी,

तुझ्या दादाने आज नर्सला विचारलं, "या वॉर्डातले सगळे पंखे असेच खडखडतात का, की फक्त माझा?" आणि तिच्याकडे पाना मागितला. नर्स हसली. मी त्या नर्सच्या गळ्यात पडले.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पाणी काढलं, त्यानंतर डोकं उतरत गेलं. अजून दोन दोन दिसतं, एक डोळा आत वळलाय. तोल जातो. पण मला ओळखतो. डॉक्टर म्हणाले, त्या पानाशिवाय आम्ही अजून आठवडाभर मानेमागेच लागलो असतो, आणि तोवर डोळा गेला असता, कदाचित सगळंच. हे तुला सांगायला मी बांधील आहे, म्हणून सांगितलं. माझं रक्त स्वच्छ आलं. महिन्याने परत बघायचं.

आता दुसरं. हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलंय.

तू लिहिलं होतंस, "एखादी मोठी असती तर बरं झालं असतं." मोठी होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खताच्या खड्ड्यामागे मला एक दिसली, माझ्या मुठीएवढी. एवढी मोठी गोगलगाय मी जन्मात पाहिली नव्हती. मी फावड्याने उचलली आणि खड्ड्यात खोल पुरली. नंतर आणखी तीन सापडल्या, त्याही पुरल्या. दादालासुद्धा सांगितलं नाही. ते गिऱ्हाईक परदेशी जातीबद्दल बोललं तेव्हा ती केवढी असते तेही त्याने हाताने करून दाखवलं होतं. मी मान हलवली आणि त्याला गुलाबाचं कलम विकलं.

डबा भरताना मी लहान लहान निवडून घेतल्या. बारा. एखादी जरा मोठी वाटली की बाजूला टाकली. तू मोठ्या पाठव म्हणालीस तेव्हाही मी त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

मला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. मला कळायला नको होतं. वीस कुंड्यांपासून उभी केलेली नर्सरी होती ती, माझी एकटीची. तुझ्याकडून मला उत्तर नको होतं, कागद हवा होता.

मग त्या बाकावर बसून मी तुझं पत्र वाचलं, तू सगळं कबूल केलेलं, आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, बेबी. म्हटलं, चला, हिच्यावर गेलं. "येऊ नकोस" लिहिलं ते यासाठी. तू समोर आली असतीस तर मला बोलावं लागलं असतं.

नर्सरी वाचवायला म्हणून मी डबा पाठवला आणि त्याच डब्यातून नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं. हे कुणाला सांगू? शिवणवाल्या बाईंना?

वहिनी

४ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र आधी रागाने वाचलं. इतक्या रागाने की ते टेबलावर ठेवून मी जिना उतरून रस्त्यावर गेले. परत येऊन वाचलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, तुम्हाला त्या बाकावर वाटलं तसंच, आणि मग तितकीच लाज वाटली.

मोठी मिळाली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. हे खरं आहे, मी ते झाकणार नाही. पण लहानांतही कळायलाच हवं होतं, आणि ते माझं काम होतं, तुमचं नव्हे. तुम्ही घाबरून लपवलंत. मी घाबरून लपवलं. आपल्या दोघींच्या भीतीचा भार एकट्या दादाने डोक्यावर घेतला.

त्याला यातलं काहीच माहीत नाही. त्याला अजून वाटतं की बहिणीने वेळेवर ओळखलं म्हणून वाचलो. परवा शिवणवाल्या बाईंनी हॉस्पिटलातून फोन केला तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "बेबीला सांगा, मी तिच्यामुळे आहे." मी फोन ठेवला.

मी शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. या वेळी विचारत नाही. आपण दोघींनी त्याला सांगायचं, तुम्ही तुमचं, मी माझं. मला त्याची इतकी भीती वाटतेय, वहिनी. लहानपणी त्याची सायकल मोडली होती तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

बेबी

२ नोव्हेंबर

बेबी,

अक्षर वाकडं आहे, एका डोळ्यावर पट्टी बांधून लिहितोय. डोळे बदलत राहायचे, असं डॉक्टर म्हणतात. तोल सुधारलाय. भिंत धरून फाटकापर्यंत जातो.

मी हॉस्पिटलातून नुकता घरी आलो होतो, तुम्ही दोघी त्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून एकामागून एक बोललात आणि मी उठून बाहेर गेलो. तू दोन दिवस राहिलीस, मी तुझ्याशी धड बोललो नाही. तुला वाटलं असेल, रागावलाय. रागावलोच होतो. तुझ्या वहिनीशी मी आठवडाभर मोजकंच बोललो. ती कानातलं यंत्र काढून ठेवायची, मी बोलत नाही हे ऐकू येऊ नये म्हणून.

राग कशाचा होता ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. हॉस्पिटलात एका सकाळी मला माझं नाव आठवेना. बाकी सगळं कळत होतं, पंखा कळत होता, पाणी कळत होतं, पण मी कोण ते सापडेना. तशी भीती मला जन्मात वाटली नव्हती. आणि ते मी कुणाला बोललो नाही, तुम्ही घाबराल म्हणून. आता तूच सांग, मी तरी तुमच्यावर कुठल्या तोंडाने रागवावं? डोकं दुखायला लागलं ते १२ ऑगस्टला. पहिले तीन दिवस मी तिला सांगितलंच नव्हतं. हातमोजे मीच देऊन टाकले. धुतलेला पाला आणि न धुतलेला, दोन्ही मीच खाल्ला.

डेपोत आमची एक रीत होती. ब्रेकमधून वेगळा आवाज येतोय असं नुसतं वाटलं तरी गाडी उभी करायची. काय बिघडलंय ते मागून बघू, आधी प्रवासी उतरवायचे. त्यापायी मी साहेबांच्या खूप शिव्या खाल्ल्या. निम्म्या वेळा काही निघायचं नाही.

खात्याचे साहेब पुन्हा येऊन गेले. उन्हाळ्यापर्यंत एकही गोगलगाय दिसली नाही तर सील काढतील. तुझ्या वहिनीने त्यांना चार मोठ्या कुठे पुरल्या ते स्वतः खड्ड्यापाशी नेऊन दाखवलं. ते खणत होते तेव्हा ती शेजारी उभी होती, पांढरीफटक पडली होती, पण उभी होती. सध्या ती शिवणवाल्या बाईंकडे काजं करते आणि त्यांच्याशी दिवसभर भांडते. म्हणजे ती बरी आहे.

तुझी चौकशी संपली की इथे ये. निकाल काहीही लागो. तुझ्या नोकरीचं काय होईल या विचाराने मला झोप येत नाही, हे मी लपवत नाही.

आणि एक. तू मोठी शास्त्रज्ञ, ती तिच्या मनाची राणी, मी आपला मेकॅनिक. तरी दोघींना सांगून ठेवतो. मला घाबरवायचं असेल तर खुशाल घाबरवा. पण वेळेवर घाबरवा.

दादा